दर तीन आठवड्यांनी डोनर कुठून आणायचा?

"बदली डोनर आणलाय का?" म्हणजे पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा माणूस. थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन बनत नाही, म्हणून जन्मभर रक्त चढवावं लागतं असा आजार) असलेल्या पोराच्या आईबापाला रक्तपेढीच्या खिडकीवर आजही हे विचारलं जातं. तेही पुण्यासारख्या शहरात. संताप येतो अक्षरशः. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचं, बदल्यात डोनर मागायचा नाही, हे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने कधीच सांगून ठेवलंय. खिडकीमागच्या माणसाला हे माहीत नसेल तर त्याला तिथे बसवलं कोणी? आणि माहीत असून विचारत असेल तर मग बोलायलाच नको.

जरा हिशोब करा. रक्त चढवायच्या आधीचं हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही म्हटलं, तर साधारण दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. वर्षाला 17 वेळा. एकदा रक्त दिलं की पुरुषाला 90 दिवस थांबावं लागतं, बाईला 120 दिवस. म्हणजे एक माणूस वर्षात फार तर चारदा देणार. निदान पाच धडधाकट पुरुष कायम हाताशी पाहिजेत, ज्यांचं हिमोग्लोबिन 12.5 च्या वर आहे, ज्यांना त्या दिवशी ताप नाही, अँटिबायोटिक चालू नाही, ताजा टॅटू नाही. पोर मोठं होऊन एकाच्या दोन पिशव्या झाल्या की नऊ-दहा माणसं. ऑफिस, सोसायटी, मावसभाऊ, सगळे दोनेक वर्षांत संपतात. मग लोक फोन उचलत नाहीत, आणि त्यांना तरी काय बोलणार?

बरं, इतकं करून आणलेल्या डोनरचं रक्त पोराला लागतंच असं नाही. गट वेगळा असतो, ते साठ्यात जातं. शिवाय गळ घालून आणलेला माणूस फॉर्मवर खरं लिहीलच असं नाही. कावीळ झाली होती, हे भिडेखातर लपवतो. नॅट चाचणी (रक्तातल्या विषाणूंचा अंश शोधणारी) केली तरी संसर्ग अगदी ताजा असेल तर तो सुटू शकतो, म्हणून तर स्वखुशीने नेमाने देणाऱ्याचं रक्त जास्त सुरक्षित. ज्या मुलाला जन्मभर शेकडो पिशव्या लागणार, त्याच्यासाठी हा धोका का पत्करायचा?

वर सल्ला, "घरातलंच कोणी द्या ना!" नाही द्यायचं. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं तर आईबाप, भावंडं हेच संभाव्य दाते. त्यांचं रक्त आधी चढवलं असेल तर पोराचं शरीर त्यांच्या पेशींना नाकारायला शिकतं. जवळच्या नात्यातलं रक्त विकिरण (पांढऱ्या पेशी निकामी करणारा किरणांचा मारा) न करता दिलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी उलटून पोराच्या जिवावर बेतू शकतं. काउंटरवरून असा सल्ला सहज फेकणाऱ्यांना हे कोणी शिकवत नाही का?

आणि या डोनरच्या शोधात दिवस कसा जातो ते बघा. सकाळी नऊला सॅम्पल दिलं, अकरा-साडेअकरापर्यंत क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त पोराच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं) होऊन पिशवी मिळायला हवी. 15 किलोच्या पोराला किलोमागे 15 मिली धरलं तर सव्वादोनशे मिली. वेग किलोमागे तासाला 5 मिली, म्हणजे तासाला 75. तीन तास लागतात. डोनर येईपर्यंत पिशवी अडवून ठेवली की ती हातात पडते तीन-चारला. डे-केअर बंद व्हायची वेळ झालेली. मग कोणीतरी नळीवरचा रोलर सैल करतं, थेंब भराभर पडायला लागतात. हिमोग्लोबिन आधीच खूप उतरलेलं असेल तर हृदयावर ताण येऊन पोराला धाप लागते. किंवा "उद्या या." म्हणजे बारीक शिरांच्या त्या हाताला पुन्हा सुई, आणि शाळेचा आणखी एक दिवस बुडाला.

पिशवी आणतो बाप, स्कूटरच्या हुकाला लटकवलेल्या कॅरीबॅगेत, स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून. रक्तपेढीने खोका द्यायला हवा, आइसपॅक घातलेला, पण बर्फ पिशवीला टेकणार नाही असा. टेकला तर तांबड्या पेशी फुटतात. वॉर्डात "थंड आहे" म्हणून पिशवी गरम पाण्यात बुडवली तरी फुटतात. फ्रीजबाहेर आली की अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत संपलीच पाहिजे.

सगळ्यात जास्त चीड याची येते की खरं भांडायचं ते राहूनच जातं. पिशवी दोन आठवड्यांच्या आतली आहे का? पांढऱ्या पेशी गाळलेल्या आहेत का? नसतील तर थंडी-ताप येण्याचा धोका वाढतो. नुसता ओ पॉझिटिव्ह जुळवलाय, की आरएच गटातले बाकीचे घटक आणि केल नावाचा रक्तातला घटकसुद्धा? ते जुळवले नाहीत तर पोराच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारी पिशवी मिळणं मुश्किल होऊन बसतं. हे विचारायचं त्राण डोनर शोधून दमलेल्या आईत उरत नाही.

साठा नाही म्हणे! 26 जानेवारी, शिवजयंती, साहेबांचा वाढदिवस, एकेका दिवशी चौकाचौकात शिबिरं. रक्त टिकतं 35 दिवस, फार तर 42. मे महिन्यात कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला, आणि रक्तपेढ्या कोरड्या. मंडळांनो, फ्लेक्स कितीही मोठा लावा, पण तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा. दिवाळीनंतरची द्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यातली द्या.

तोवर आईबापांनी एक करा. डोनर मागितला की म्हणा, "बदली दात्याशिवाय रक्त देणार नाही, असं सहीशिक्क्यानिशी लेटरहेडवर लिहून द्या." लिहून कोणी देत नाही. तरी अडवलं तर तारीख, वेळ, समोरच्याचं नाव टिपून ठेवा आणि राज्य रक्त संक्रमण परिषद व अन्न आणि औषध प्रशासन, दोन्हीकडे लेखी तक्रार टाका. रक्तपेढीच्या परवान्यावर याच प्रशासनाची देखरेख असते.