कासवाच्या दिव्याबद्दल आलेल्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी काल सकाळी शटर उघडण्याआधी वाचला आणि नंतर दिवसभरात आणखी चार-पाच वेळा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, १४ डिसेंबरला आमच्याकडून २,४५० रुपयांना घेतलेली यूव्हीबी ट्यूब (कासवाला उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) नकली आहे, कारण ती तासभर लावून खाली तळहात धरला तरी ऊब लागत नाही. तेव्हापासून ११ दिवस आपल्या कासवाने काही खाल्लेले नाही. दुकानातून फोन उचलला जात नाही. आणि ‘ऊब वेगळी द्यावी लागते हे दुकानदाराने एका शब्दानेही सांगितले नाही, फक्त पैसे काढले’.

प्रथम क्षमा मागतो. २२ तारखेला आपण दुकानाच्या नंबरवर कासवाचा फोटो पाठवलात, त्या दिवशी मी माल आणायला पुण्याला गेलो होतो आणि दुकानातल्या मुलाने आपल्याला ‘थंडीत कासव कमीच खातं, वाट बघा’ असे कळवले. ते उत्तर चुकीचे होते. आपले कासव सुलकाटा जातीचे आहे, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला जो कोरडा पट्टा आहे तिथले; ही जात शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे तिने खाणे सोडले तर वाट पाहायची नसते, कारण शोधायचे असते. मुलाला माशांतले उत्तम कळते, कासवातले कळत नाही. पण उत्तर दुकानाच्या नंबरवरून गेले, तेव्हा ते माझेच धरावे. २४ तारखेचा आपला फोन रात्री १० वाजून २० मिनिटांनी आलेला दिसतो. दुकान ९ वाजता बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी स्वतः उलट फोन केला होता, तो आपण उचलला नाहीत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मात्र ‘एका शब्दानेही सांगितले नाही’ हे वाक्य जिव्हारी लागले, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे अजूनही कार्बन घालून हाताने बिल करतात. आपल्या बिलाची पिवळी प्रत हे लिहिताना माझ्यासमोर आहे. पहिली ओळ, यूव्हीबी ट्यूब पट्टीसह, २,४५० रुपये. दुसरी ओळ, सिरॅमिक हीटर १०० वॅट, ८५० रुपये. तिसरी, चिनी मातीचा होल्डर, २२० रुपये. चौथी, वायरवाला डिजिटल थर्मामीटर, ३५० रुपये. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीवर आडवी रेघ आहे, आणि मी पेन दाबून दोनदा ओढल्यामुळे हीटरच्या ओळीवर कागद किंचित फाटला आहे. बेरीज ३,८७० ची खोडून २,४५० केलेली आहे. आपण त्या वेळी म्हणाला होतात की घरात रूम हीटर आहे, तोच लावू, आणि काचपेटीला एक थर्मामीटर आधीच चिकटवलेला आहे. मी आग्रह केला नाही, कारण गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारायची सवय गेल्या १४ वर्षांत मला लागली नाही. पण ताई, उबेची गोष्ट निघालीच नव्हती, तर हीटर बिलावर आला कसा? ही प्रत मी जपून ठेवली आहे, आपण केव्हाही येऊन पाहू शकता.

आता माझ्या बाजूची उणीवही सांगतो. रविवारची संध्याकाळ होती, काउंटरवर एक लहान मुलगा गप्पी माशांच्या पिशवीत हवा भरून घ्यायला ताटकळला होता, आणि पिशवीला रबर गुंडाळता गुंडाळता मी उबेबद्दल ‘ह्या ट्यूबनं ऊब नाही हं यायची, हीटर लागंल’ एवढेच बोललो. ते आपल्या कानांपर्यंत पोहोचले नसेल, किंवा पोहोचूनही त्याचे महत्त्व कळले नसेल, हे मी मान्य करतो. खोक्यावरच्या सूचना इंग्रजीत आहेत, त्यांचाही उपयोग झाला नसणार. परंतु नीट न सांगणे वेगळे आणि फसवणे वेगळे, आणि आपण आरोप फसवण्याचा केला आहे.

ट्यूब नकली का नाही, ते असे. ऊन हे दोन्ही कामे एकटे करते, ऊब देते आणि अतिनील किरणही देते. घरात मात्र ती कामे दोन उपकरणांत वाटून द्यावी लागतात. यूव्हीबी ट्यूबमधून साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण निघतात, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या किरणांनी कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या जोरावर खाण्यातले कॅल्शियम अंगी लागते. हे झाले नाही तर कवच मऊ पडते आणि पाय वाकतात. या ट्यूबने पेटी तापवावी अशी अपेक्षाच नाही. पारा असलेला एक बल्ब दोन्ही कामे करतो, पण तो मंद करता येत नाही आणि लहान पेटी त्याने भट्टीसारखी तापते, म्हणून मी तो आपल्याला दाखवलासुद्धा नाही. ट्यूबमधून किरण किती निघतात हे तळहाताने ठरत नाही, त्याला मीटर लागतो. तो आजवर माझ्याकडे नव्हता, हेही खरे आहे.

आपण पाठवलेला फोटो मी काल मोठा करून पाहिला. तो सकाळी ७ वाजून ४० मिनिटांचा आहे. काचपेटी खिडकीखाली फरशीवर आहे, काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर १९ च्या जवळ दिसतो, आणि ट्यूब पेटीच्या वरच्या काचेवर आडवी ठेवलेली आहे. इथेच खरी मेख आहे. साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे ट्यूब अस्सल असूनही कासवापर्यंत तिचा फक्त उजेड पोहोचत होता आणि २,४५० रुपये त्या काचेवरच सांडत होते. वरची काच काढून ट्यूब पेटीच्या आत, कासवाच्या पाठीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर टांगावी आणि दिवसाला १२ तास चालू ठेवावी. मध्ये बारीक जाळी ठेवली तर तीही काही किरण खाते. ट्यूब दिसायला दोन-तीन वर्षे पेटत राहील, पण तिचे किरण त्याच्या पुष्कळ आधी मंदावतात, म्हणून आम्ही ती वर्षाच्या आत बदलायला सांगतो. (हे वाचून पुन्हा कोणी ‘पैसे काढतात’ म्हणेल, पण वस्तुस्थिती तीच आहे.)

भुकेचा प्रश्न मात्र माझ्या समजुतीप्रमाणे ट्यूबचा नसून त्या १९ अंशांचा आहे. कासवाला स्वतःची ऊब नसते. त्याने खाल्लेले गवत आतड्यातले सूक्ष्म जीव आंबवून पचवतात आणि ते काम उबेशिवाय चालत नाही. अंग गार असताना पोटात गेलेले खाणे पचण्याऐवजी सडते, म्हणून गार कासव तोंड मिटून बसते. आपण तोंड उघडून टोमॅटो भरवल्याचे लिहिले आहे, ते कृपया करू नये. पेटीच्या एका टोकाला, वरून, ३५ ते ३८ अंशांची ऊन खाण्याची जागा हवी आणि दुसरे टोक २५-२६ च्या आसपास हवे, म्हणजे त्याला हवे तिथे सरकता येते. रात्री सिरॅमिक हीटर उजेड न करता ऊब देतो. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत फरशीवर ठेवलेली पेटी पहाटे किती गारठते हे आपण इथलेच असल्यामुळे मी सांगायला नको. हीटर थर्मोस्टॅटवर आणि चिनी मातीच्या होल्डरमध्येच लावावा, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. रूम हीटर खोली तापवतो आणि आपण झोपताना तो बंद करतो. आपण नॅपकिनमध्ये गुंडाळून पोटाखाली ठेवलेली गरम पाण्याची पिशवी तर काढूनच टाकावी, कारण कासवाला ऊब पाठीवर घेण्याची सवय असते, पोट भाजले तरी ते वेळेवर उठत नाही.

फोटोतल्या स्टीलच्या ताटलीत काकडी, टोमॅटो आणि चपातीचे तुकडे आहेत. सुलकाटा हा गवत खाणारा प्राणी आहे. गणपतीला आपण वाहतो ती दूर्वा, म्हणजे हराळी, त्याला रोज चालते. फवारणीची शंका असल्यास नीट धुऊन द्यावी. जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेला फड्या निवडुंग आणि थोडा शेवग्याचा पाला द्यावा, पालक टाळावा. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा पेटीत ठेवला की कॅल्शियमचे काम होते. तो मी विकत नाही, म्हणूनच सांगतो आहे. तसेच ऊन फुकट असते, हे मी आपल्याला त्या दिवशीही सांगितले होते: सकाळी ९ ते ११ गच्चीवर, काचपेटीत मुळीच नाही, आणि बाजूला आडवी कुंडी ठेवून सावली. ज्याला फसवायचे असते तो दुकानदार उन्हाचे नाव काढत नाही.

११ दिवसांनंतर मात्र हे सगळे घरी करून पाहत बसू नये, पशुवैद्याला दाखवावे. तोवर कोमट पाण्यात, हनुवटी बुडणार नाही इतक्या, १५-२० मिनिटे बसवावे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन लिहून ठेवावे. पण नाकातून बुडबुडे, सुजलेले डोळे किंवा तोंड उघडून श्वास दिसत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. गावात कासव पाहणारे डॉक्टर मिळाले नाहीत, तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. मी डॉक्टर नाही, माझ्या बोलण्यावर थांबू नये.

अभिप्रायात आपण ‘यांच्याकडचे कासव’ असे लिहिले आहे, त्याचाही खुलासा करणे भाग आहे, कारण ते वाचून कोणी भलताच अर्थ काढील. आम्ही कासवे विकत नाही आणि कधी विकलेली नाहीत. भारतात आढळणारे चांदण्यांचे स्टार कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्या परदेशी कासवाच्या नोंदणीचा कागद आपण मोबाईलवर दाखवलात, म्हणूनच मी सामान दिले. ऑनलाइन हीच ट्यूब १,६०० ला मिळते हे आपले म्हणणे नाकारत नाही, फक्त त्या किमतीत पट्टी आणि रिफ्लेक्टर येत नाही.

यापुढे कासवाचे सामान घेणाऱ्याला मराठीत छापलेली सूचना देण्याचा विचार आहे, मीटरही मागवायचा आहे, आणि दुकानाच्या नंबरवरची उत्तरे मी स्वतः पाहिल्याशिवाय जाणार नाहीत, असे पाहू.

तारे किती द्यायचे हा आपला अधिकार आहे. पण रोजची चूल ज्या दुकानावर चालते त्याच्या नावापुढे ‘नकली’ हा शब्द वाचताना काय वाटते, ते एकदा मनात आणावे. सिरॅमिक हीटर आणि होल्डर मी बाजूला काढून ठेवला आहे, घेऊन जावा, पैसे कासव खायला लागल्यावर द्यावेत. ट्यूब तरीही परत करायची असल्यास मंगळवार सोडून कधीही, सकाळी १० ते रात्री ९ या वेळेत खोक्यासह आणावी. खोके टाकून दिले असेल तर तसेही चालेल.

आपला,
दुकानमालक, सातारा