चोवीस गाणी आणि कोल्हापूरचा पेनड्राइव्ह

माझा आत्येभाऊ कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो. दोन वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून त्यानं भक्तिगीतांचा अल्बम काढला. यंदा एका जत्रेत स्वतःचीच गाणी त्याच्या कानावर आली, तीही पेनड्राइव्हच्या स्टॉलवर. ट्रॅक्टरसाठी वेगळा पेनड्राइव्ह, घरच्यासाठी वेगळा. रात्री मला फोन. "ताई, तुमच्या तिकडं एकेका गाण्याला लाखाचा दणका बसतो न्हवं? तसंच पाहिजे इथं."

तो दणका मी जवळून पाहिलाय. २००७च्या जानेवारीत मी अमेरिकेत, मिनेसोटात आले, तेव्हा बॅगेत फुटपाथवर घेतलेल्या दोन एमपी थ्री सीड्या होत्या, दोन्हींत मिळून तीनशे गाणी. त्याच ऑक्टोबरात इथून अडीच तासांवरच्या डुलुथमध्ये ज्युरीनं एका आईला २,२२,००० डॉलर भरायला सांगितले. काझा नावाच्या सॉफ्टवेअरवरून तिनं गाणी इतरांना खुली केली, असा रेकॉर्ड कंपन्यांचा आरोप होता. फाइली सतराशेच्या वर होत्या, दावा फक्त चोवीस गाण्यांचा. म्हणजे गाण्यामागं ९,२५० डॉलर. मी घाबरून माझ्या तीनशेंचा हिशेब केला: पावणेअठ्ठावीस लाख डॉलर. (मी गाणी कुणाला दिली नव्हती, फक्त ऐकली होती. पण तेव्हा एवढा कायदा कुणाला कळत होता!)

भाऊ याला दंड म्हणतो. दंड सरकारजमा होतो, हा पैसा मात्र वादी कंपन्यांचा. आणि अमेरिकेत ज्याला दंडात्मक नुकसानभरपाई म्हणतात, तीही ही नव्हे. कॉपीराइट कायद्यानं इथं रकमेची पट्टीच आखून दिली आहे: कलाकृतीमागं कमीत कमी ७५० डॉलर, जास्तीत जास्त ३०,०००, आणि जाणूनबुजून केलं असेल तर १,५०,०००. नुकसान नेमकं किती झालं ते सिद्ध करायची गरज नाही. आकडा ज्युरी ठरवते, आणि ज्युरीचं मन कुठं जाईल याचा नेम नाही. याच बाईचा खटला पुन्हा चालला तेव्हा, २००९ मध्ये, आकडा १९,२०,००० डॉलर झाला. न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांना तो राक्षसी वाटला आणि त्यांनी तो ५४,००० वर आणला. कंपन्यांनी २५,००० वर तडजोड सुचवली, तेही गायक-वादकांच्या मदतनिधीला द्यायचे. तिनं नाकारली. २०१० मध्ये तिसरी ज्युरी म्हणाली, १५ लाख. न्यायाधीशांनी पुन्हा ५४,००० केले. शेवटी २०१२ मध्ये अपील न्यायालय जिथून सुरुवात झाली त्याच २,२२,००० वर येऊन थांबलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण हातात घेतलं नाही. ९९ सेंटला मिळणाऱ्या गाण्यांपायी साडेपाच वर्षं!

असे दावे कंपन्यांनी २००३ ते २००८ मध्ये हजारो लोकांवर लावले. बहुतेकांनी काही हजार डॉलर भरून सुटका करून घेतली. मग कंपन्यांनीच हे सत्र थांबवलं. माझ्या ओळखीत कुणी दाव्याच्या धाकानं गाणी विकत घ्यायला लागलं नाही, मासिक वर्गणीत सगळं मिळायला लागलं तेव्हा लागलं. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरत्या कुठल्या पेनड्राइव्हवरून वाजतात, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता घरचं बघा. तिकडं आकडा लहान आहे, पण तुरुंग मोठा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. शिवाय आपला एमपीडीए: झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेल्या १९८१च्या त्या कायद्यात २००९ पासून व्हिडिओ पायरेटही येऊन बसले, म्हणजे खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्धता. सिनेमाची नक्कल विकणारा आणि हातभट्टीवाला एका पंगतीत! स्टॉलवरचं पोरगं आत गेलं, तरी भावाच्या हातात काय पडतं? काही नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा, वकील करायचा, आणि आपलं नुकसान किती हे आकड्यानिशी मांडायचं. जत्रेत किती पेनड्राइव्ह खपले हे त्यानं कुठून आणायचं? दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या दाव्यात ५ लाखांची दंडात्मक भरपाई दिली खरी, पण २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं त्यामागचा विचार चुकीचा ठरवला. तसंही, न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाला परवडतं ते ऑर्केस्ट्रावाल्याला परवडत नाही.

म्हणून मी त्याला म्हटलं, इथलं काही मागायचंच असेल तर वरचा आकडा मागू नकोस, खालचा माग. कलाकृतीमागं एक छोटी ठरलेली रक्कम, पुरावा एवढाच की गाणं माझं आणि विकलं त्यानं. आणि ती मागायला साधी जागा. २०२२च्या जूनपासून इथं कॉपीराइटच्या छोट्या दाव्यांसाठी एक मंडळ आहे. शंभर डॉलर फी, वकील लागत नाही, सगळं मिळून तीस हजारांवर जात नाही. समोरचा सरळ 'मला हे मान्य नाही' म्हणून बाहेर पडू शकतो, ही त्यातली मोठी पळवाट. तरी कोल्हापुरात असं काही असतं तर भावानं दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला असता.

"बरं, तुला नेमके किती हवेत?" मी विचारलं. तो बराच वेळ मनात बेरीज करत राहिला: स्टुडिओ, तबलजी, कोरसच्या पोरी.

"घातलेलं निघालं तरी बास," म्हणाला. "आणि त्या पोराला म्हणावं, फोल्डरला माझं नाव दे. 'न्यू भक्ती टू' लिहिलंय त्यानं."