साक्ष मध्येच तोडणाऱ्यांना

आज दुपारी महिलांच्या प्रार्थनासभेत एक ताई साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने आयुष्यात काय केले ते सर्वांसमोर सांगायला, उभ्या राहिल्या. पतीच्या निधनानंतर सासरच्यांनी घराबाहेर कसे काढले, एवढेच त्या सांगत होत्या, तोच पुढच्या रांगेतून आवाज आला, "ताई, प्रभूने सगळे धुऊन टाकले ना, मग मागचे कशाला उगाळता?" ताई खाली बसल्या आणि आम्ही निमूटपणे पुढचे गीत सुरू केले. घरी आल्यापासून मला त्या गीताचाच राग येतो आहे.

मागचे ओझे प्रभूच्या चरणी ठेवावे, हे आपल्यापैकी कोणाला नव्याने शिकवायला नको. पण ठेवायचे म्हणजे तोंड मिटून बसायचे, हे कोणी ठरवले? मागील गोष्टी विसरून पुढे धावण्याविषयी बायबलमध्ये प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहितो खरा. परंतु आपण पूर्वी मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा, छळ करत होतो, हेही तो त्याच अध्यायात लपवत नाही.

वडिलांच्या मागे चुलत्यांनी शेत परस्पर आपल्या नावावर लावून घेण्याचा घाट घातला, तेव्हा आईने देवापुढे काहीही झाकले नाही. रात्रीच्या प्रार्थनेत ती चुलत्यांचे नाव घेऊन शेलक्या शब्दांत गाऱ्हाणे मांडत असे आणि आम्ही मुले डोळे मिटल्याचे सोंग करून ऐकत असू. हळूहळू त्या प्रार्थनेतला कडवटपणा ओसरला आणि एका नाताळात तिने करंज्यांचा डबा त्यांच्याकडे पाठवला. मात्र तलाठ्याकडे फेरफारावर घेतलेली हरकत तिने मागे घेतली नाही. क्षमा तिने केली होती, शेत सोडले नव्हते.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून ती उपासमार त्यांच्या स्मरणातून पुसली गेली नाही. त्यांनी ती लिहून ठेवली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना त्यांनी केडगावला आणले, ते त्या आठवणीच्याच बळावर, असे मी तरी मानते. "बाई, मागचे सोडा" असे त्यांना सांगण्याची कोणाची छाती झाली असती?

काही जण दुःख कवटाळूनच बसतात आणि त्यांना हलवावे लागते, हे मान्य. आज ज्यांनी टोकले त्यांनीही पुष्कळ सोसले आहे. कधीतरी त्यांनाही असेच कोणी खाली बसवले असेल, हे आता लिहिताना सुचते आहे, आणि त्यांच्यावरचा माझा राग थोडा निवळलाही आहे. पण आईला त्या रात्रींमध्ये कोणी गप्प केले असते, तर करंज्यांचा डबा चुलत्यांच्या दारी कधीच पोहोचला नसता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

अध्यक्षबाईंना मी उद्याच फोन करणार आहे. पुढच्या सभेत त्या ताईंना पूर्ण बोलू द्यावे आणि कोणी घड्याळाकडे पाहू नये. वेळ अपुरा पडला तर दोन गीते कमी म्हणू, तशीही आमची पेटी बेसूरच वाजते.