अर्धा सूत

टीव्हीच्या खोक्यावर एक चित्र होतं. दोन माणसं टीव्ही आडवा धरून चालली आहेत, आणि त्या दोघांवर मिळून एक भलीमोठी फुली. म्हणजे आडवा नेऊ नका. मेहुण्याने पंचावन्न इंची घेतला म्हणून त्याचा जुना त्रेचाळीस इंची आमच्या वाट्याला आला, आणि मी तो नागपूरहून एसटीत ताठ उभा धरून आणला. दर खड्ड्याला मी त्याला छातीशी घट्ट घ्यायचो. कंडक्टरने तीनदा नुसतं पाहिलं. चौथ्यांदा म्हणाला, "सर, पोराले खिडकीपाशी बसवा, उलटी करन."

एवढं जपून घरी आणला तो कशासाठी? तर जन्मभर आडवा निजवण्यासाठी.

यामागे पुतण्या आहे. २०२० च्या टाळेबंदीत त्याचं इंजिनिअरिंगचं कॉलेज बंद पडलं आणि तो गावी आला, तेव्हा बॅगेत पुस्तकं कमी आणि फासे जास्त होते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला. त्यात कोणी जिंकत नाही की हरत नाही. एक जण गोष्ट सांगतो, "तुमच्यासमोर भुयार आहे, आत उजेड नाही." बाकीचे आपण काय करतो ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. आईने दोन दिवस दारात तांदूळ निवडत ऐकलं आणि म्हणाली, "कीर्तनच होय हे. फक्त बुवाले कोणी पुरं बोलू देत नाई."

मी अडकलो तो फाशांमुळे. बावीस वर्षं झाली, मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. सगळ्या बाजू सारख्या असलेल्या नियमित घनाकृती पाचच: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंच्या. हे मी दरवर्षी सांगतो. फळ्यावर काढलेली माझी वीस बाजूंची आकृती दरवर्षी सीताफळासारखी दिसते, आणि पोरं ते वहीत सीताफळासारखंच उतरवून घेतात. पुतण्याच्या थैलीतून ते पाचही घरंगळत माझ्या हातावर आले तेव्हा माझे डोळे भरून यायचे बाकी होते. (सहावा फासा दहा बाजूंचा होता. तो त्या घराण्यातला नाही. त्याला मी अजूनही जरा अंतरावरच ठेवतो.)

सुरुवातीला आम्ही भुयाराचे नकाशे ड्रॉइंगच्या कागदावर काढायचो. एक इंचाचा चौकोन म्हणजे गोष्टीतले पाच फूट, असा हिशोब असतो. योद्ध्यांच्या जागी बटणं, राक्षसाच्या जागी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या बैलपोळ्याचा, लाकडी नंदी. पण भुयार बदललं की कागद बदला, पुन्हा चौकोन आखा. ते आखण्याचं काम अर्थातच गणितवाल्याकडे. मग एका रात्री पुतण्याने मोबाइलवर दाखवलं: टेबलाच्या पोटात टीव्ही, त्यावर चमकणारा नकाशा, बोट दाबलं की जंगल, बोट दाबलं की किल्ला. म्हणाला, "काका, हे घरी होते. निरा सोपं आहे."

सोपं हा शब्द ज्याने टेबल बनवलेलं नाही त्याचा असतो.

घरातली परवानगी मी एका खोट्यावर मिळवली. बायको दहा वर्षांपासून डायनिंग टेबल मागत होती. मी म्हणालो, चल, करून टाकू. टीव्हीचा विषय मी वरचं प्लायवूडचं झाकण कसं गुळगुळीत असेल याच्या वर्णनात मध्येच कुठेतरी हळूच सोडून दिला. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे टीव्ही टेबलात राहीन, अन् आपण जेवाले खालीच बसू?"

लाकडाचा प्रश्न नव्हता. जुनं घर पाडलं तेव्हाची सागवानी मयाल, म्हणजे छताची तुळई, गोठ्यात पडून होती. आमच्याकडे सागवान म्हटलं की माणूस हळवा होतो, त्यामुळे तिला कोणी चुलीत घातलं नव्हतं. मात्र त्या मयालीत आजोबांपासूनच्या पिढ्यांनी खिळे ठोकले होते. कंदिलाचे, पाळण्याचे, कॅलेंडरचे. वाढई, म्हणजे सुतार, पहिल्याच दिवशी रंधा चालवायला बसला आणि त्याच्या पात्याचा टवका उडाला. दुसऱ्या दिवशी तो आला तो डोळ्यांवर चष्मा आणि हातात चिमटा घेऊन, दाताच्या डॉक्टरसारखा.

हा वाढई म्हणजे सत्तरीकडे झुकलेला माणूस. गावातल्या निम्म्या चौकटी त्याच्या हातच्या, आणि बोलणं मोजून-मापून. मी त्याच्यासमोर माझा आराखडा ठेवला. तीन रंगांत काढलेला, मिलिमीटरमध्ये. त्याने तो सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.

"टीव्ही आडवा?"

"हो."

"आभाळाकडे तोंड करून?"

"हो मिस्त्री."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गेला का तो?"

गेला नाही, चालू आहे, चालूच ठेवायचा आहे, हे पटवण्यात चहा थंड झाला. मग तो कामाला लागला आणि आमच्या भांडणाला खरा रंग चढला. मी मिलिमीटरवाला, तो सूतवाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या जरा वर. मी म्हणायचो ४७६ मिलिमीटर, तो म्हणायचा पावणेएकोणीस इंच. आणि दोन्ही एकच निघालं की दोघांनाही राग यायचा.

पहिली बाजी माझी. टीव्हीच्या पाठीला चौकटीत आवळायला चार बोल्ट हवे होते. तो हार्डवेअरमधून दोन सुती घेऊन आला. दोन आटे आत गेले आणि तिसऱ्याला बोल्टने मान टाकली. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. टीव्हीला लागतो सहाचा, आणि आट्यांची चालही वेगळी. शेवटी मोटरसायकल दुरुस्तीवाल्याने दहाच्या पान्याने फिरणारे सहा मिलिमीटरचे चार बोल्ट डब्यातून काढून दिले, ते तुपात बोट जावं तसे गेले. मी काही बोललो नाही. फक्त दिवसभर मिलिमीटर हा शब्द जरा जास्त वेळा वापरला.

दुसरी बाजी त्याची. नकाशावरचा चौकोन बरोबर एक इंचाचा दिसावा म्हणून मी रात्रभर आकडेमोड केली होती. पडदा सोळास नऊ प्रमाणाचा. पायथागोरस लावला की त्रेचाळीस इंची टीव्हीची रुंदी निघते साडेसदतीस इंच. आडवे ठिपके १९२०. म्हणजे इंचाला ५१ ठिपके. मी नकाशा तसा बनवला, पडद्यावर लावला आणि वाढईला अभिमानाने दाखवला. त्याने खिशातून टेप काढला, आठ चौकोनांवर ठेवला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमचा इंच मोठा आहे."

आठ चौकोन आठ इंच दोन सूत भरत होते. मी पायथागोरसवर संशय घेतला, संगणकावर घेतला, त्याच्या टेपवर तर घेतलाच. दोष टीव्हीचा होता. जुन्या डब्बा टीव्हीच्या काळात चित्राची कड धड दिसत नसे, म्हणून टीव्ही चित्र जरा ताणून कड पडद्याबाहेर ढकलायचे. पडदे सपाट झाले तरी ती खोड गेली नाही. मेनूत कुठेतरी खोल ती बंद करायची सोय असते. तिथवर पोहोचायला रिमोट लागतो, आणि रिमोटचा डोळा टीव्हीच्या खालच्या पट्टीत असतो, जी पट्टी आम्ही कालच दीड इंच सागवानाखाली गाडली होती. वाढईने एक शब्द न बोलता गिरमिट काढलं आणि त्या सुंदर चौकटीला भोक पाडलं. ते भोक आजही आहे. पाहुणे त्याला मिठाची जागा समजतात.

आता अर्ध्या सुताकडे येतो.

टीव्हीवर थेट फासे टाकता येत नाहीत, पडदा फुटतो. म्हणून वर पाच मिलिमीटरचं ॲक्रेलिक, म्हणजे काचेसारखं आरपार दिसणारं प्लास्टिक. ते मी अमरावतीच्या एका फलकवाल्याकडून कापून आणलं, १०६० मिलिमीटर लांब, आणि खाचही १०६०. जानेवारीची सकाळ होती, गावात शेकोट्या पेटल्या होत्या. रबरी हातोडीने ठोकून बसवलं तर नख जाईल एवढीही फट नाही. मी बायकोला बोलावून दाखवलं. तिने नख घालून पाहिलं.

वाढई म्हणाला, "अर्धा सूत जागा सोडा सर."

"कशाला? बरोबर बसलंय."

"म्हणूनच."

मी त्याला समजावलं की फट ठेवली तर पोळीचा चुरा जाईल, वरण जाईल. बायको या एका मुद्द्यावर माझ्या बाजूने होती, आणि असे प्रसंग मी सहसा सोडत नाही. वाढईने चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या आणि जाताना दारातून म्हणाला, "लाकडाले जीव असते, काचेले नसते. हे मधातलं आहे. याचा भरोसा नाई."

फेब्रुवारी, मार्च, मस्त गेले. दर रविवारी आम्ही वीसेक किलोचं झाकण उचलायचो. त्याआधी झाकणावरचं लोणचं, तुरीची डाळ, आईच्या औषधांचा डबा आणि वीजबिलं उचलायचो, त्यात अर्धा तास जायचा. एक गोष्ट कोणत्याच व्हिडिओत सांगितलेली नव्हती, ती म्हणजे आडव्या टीव्हीलाही डोकं आणि पाय असतात. एका बाजूने नकाशा लख्ख, समोरच्या बाजूने भुयारात भुयार. चांगली बाजू कोणाची यावर वाद झाला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ती वयाने मोठ्या माणसाला मिळाली, म्हणजे आईला, जी खेळत नव्हती.

मग मे उजाडला.

आमच्याकडचा मे म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून समजत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी गावात कुत्रंही सावली बदलायला उठत नाही. कूलर लावून, खिडक्यांना ओली चादर लावून आम्ही खेळायला बसलो. मी, पुतण्या, कृषी केंद्रवाला मित्र आणि त्याचा भाऊ. मैदानाच्या मध्यभागी ड्रॅगन, म्हणजे नंदी. कृषी केंद्रवाल्याने तलवार उपसली. फासा टाकला. फासा पडला, आणि थांबायच्या ऐवजी घरंगळत थेट त्याच्या मांडीवर आला. पुन्हा टाकला, पुन्हा मांडीवर.

"काका," पुतण्या म्हणाला, "टेबल फुगून राह्यलं."

खरंच, ॲक्रेलिकला पोट आलं होतं. तव्यावर पोळी टम्म व्हावी तसं मधोमध, इंचभर. आणि तान्ह्या पोळ्याच्या नंदीला चाकं असतात. तो आधी जरा हलला, मग उतारावरून स्वतःच्या पायांनी निघाला, दोन योद्धे आडवे केले, कडेच्या पट्टीवर आपटला आणि खाली पडला. नियमांच्या जाड पुस्तकात याला काही उत्तर नव्हतं. कृषी केंद्रवाल्याने दावा केला की ड्रॅगन घाबरून पळाला, सबब विजय त्याचा.

रात्री मी हिशोब केला. ॲक्रेलिक दर अंशाला मीटरमागे ०.०७ मिलिमीटर वाढतं. जानेवारीची सकाळ ते मेची दुपार, तीस अंश धरा. खालून टीव्हीची ऊब वेगळीच. वाढ सव्वादोन मिलिमीटर. एवढ्याशाने इंचभर पोट कसं येईल? कमानीचं सूत्र लावलं. येतं. दोन्ही टोकं पक्की धरलेल्या मीटरभर पट्टीला सव्वादोन मिलिमीटर जास्त झाले की ती मध्ये जवळजवळ तीस मिलिमीटर उचलते. मी हे वहीत दोनदा तपासलं. वाढईच्या मापात ती वाढ पाऊण सूत भरत होती. म्हणजे तोही पाव सुताने चुकला होता, आणि याचा मला झालेला आनंद मी कोणाला सांगितला नाही.

वाढई सकाळी आला. पट्ट्या काढल्या, ॲक्रेलिक घासून एक सूत कमी केलं, खाचेत रबराच्या चिंध्या बसवल्या. "म्हनलं होतं का नाई म्या?" असंही म्हणाला नाही. मजुरी विचारली तर म्हणाला, "पैसे राहू द्या. हे काय खेळून राह्यले तुमी, थे एकडाव दाखवा."

रविवारी त्याला चांगली बाजू दिली. आई स्वतःहून उठली. पुतण्याने त्याला समजावलं: योद्धा होता येतं, जादूगार होता येतं, चोर होता येतं. "तुम्ही कोण होता, आजोबा?"

"वाढई."

पुतण्याने पुस्तक चाळलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहून घेतलं.

भुयारात तिसऱ्या वळणावर बंद दार लागलं. जाड, लोखंडी पट्ट्यांचं. कृषी केंद्रवाल्याने खांदा मारला, फाशावर चार पडले. भावाने मंत्र म्हटला, सात. वाढई पडद्यावरच्या दाराकडे वाकून पाहत होता.

"कोणीकडे उघडते?"

"आपल्याकडे," पुतण्या म्हणाला.

"मंग बिजागरी आपल्याच बाजूनं."

"हो... असणार."

"तिची खिळी ठोकून काढली म्या."

"त्यासाठी फासा टाका आजोबा. पंधराच्या वर पाहिजेत."

"बिजागरी काढाले फासा कायले लागते बे?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी नंदीकडे पाहिलं.

"निघालं दार," पुतण्या म्हणाला. "आता आत चला."

"लाकूड कोणतं हाये?"

"सागवान," पुतण्याच्या तोंडून निघून गेलं.

मग काय, दार सोडून पुढे जायचा प्रश्नच नव्हता. ते कृषी केंद्रवाला आणि त्याचा भाऊ या दोन योद्ध्यांनी उचललं, तलवारी म्यानात घालून. वाढई मागून सांगत होता, "उभं धरजा रे, उभं. आडवं नोका नेऊ."