नव्वद दिवसांत जातो हं!

लष्करप्रमुख आहात आणि राष्ट्राध्यक्ष व्हायचंय? रणगाड्यांचं नंतर बघू, आधी वाकायला शिका. पाकिस्तानात १९७६ साली पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी कित्येक ज्येष्ठांना डावलून झिया-उल-हक यांना लष्करप्रमुख केलं, ते गडी गरीब वाटला म्हणून. भुट्टो अचानक समोर आले तेव्हा झियांनी पेटती सिगारेट तशीच खिशात कोंबली, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण एक जुना कोट हाताशी असू द्या.

मग एका रात्री पंतप्रधानांना उचला. मोहिमेचं नाव सोज्वळ हवं. ५ जुलै १९७७ च्या मोहिमेचं होतं 'ऑपरेशन फेअर प्ले'. टीव्हीवर आवाज मऊ ठेवून सांगा, मला सत्तेची हौस नाही, नव्वद दिवसांत निवडणूक घेतो. 'चहा नको, उभ्या उभ्याच आलोय' म्हणणारा पाहुणा जेवूनच जातो, हे लोकांना ठाऊक असतं. तरी ते पाट मांडतात. ऑक्टोबर आला की म्हणा, आधी चौकशी, मग निवडणूक. दरम्यान स्वतःच राष्ट्राध्यक्ष व्हा. १९७९ च्या एप्रिलात भुट्टो फासावर गेले. नोव्हेंबरची निवडणूकही बारगळली.

खरी कला पुढेच आहे. 'मी राहू का?' असं जनतेला कधी विचारू नये, जनता उत्तर देते. १९ डिसेंबर १९८४ चं सार्वमत बघा. कुराण आणि सुन्नत (म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली वागणूक) यांनुसार कायदे करण्याचं झियांचं काम, पाकिस्तानच्या विचारसरणीचं रक्षण, लोकप्रतिनिधींकडे सुरळीत सत्तांतर, सगळं एकाच लांबलचक प्रश्नात कोंबलेलं. मान्य आहे का? 'होय' म्हटलंत की साहेब आणखी पाच वर्षं! त्यांना नको म्हणायचं तर आधी धर्माला नको म्हणा. सरकारी आकडा ९७ टक्क्यांच्या वर गेला. शंभर करू नका, बरं दिसत नाही.

पंतप्रधान नेमावाच लागला तर गरीब गाय बघून नेमा. झियांनी मुहम्मद खान जुनेजो निवडले, तर ते खरंच पंतप्रधानासारखे वागू लागले! (गरीब दिसणाऱ्यांचा काय भरवसा, हे झियांहून जास्त कुणाला ठाऊक?) २९ मे १९८८ ला त्यांना घरी पाठवलं. राज्यघटना म्हणे, नव्वद दिवसांत निवडणूक घ्या. पुन्हा नव्वद! झियांनी तारीख दिली १६ नोव्हेंबर.

१७ ऑगस्टला बहावलपूरहून निघालेलं त्यांचं विमान कोसळलं. विमानात आंब्याच्या पेट्याही होत्या. निवडणूक मात्र १६ नोव्हेंबरलाच झाली, आणि पंतप्रधान झाल्या बेनझीर, भुट्टोंच्या कन्या.