अगं, तू अगदी बदक लागतेस

गुडघा दुखतोय हे मी कॉलनीत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजच उरली नाही. रविवारी सकाळी सगळे इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी बघायला गेलो होतो आणि समोरच्या माई मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, मागून तू अगदी बदक लागतेस!"

बरोबरची अकराही माणसं वळली. तलावात खरी बदकं पोहत होती, त्यांच्याकडे पाठ करून सगळे मला बघायला लागले. होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला म्हणे. पाणथळ जागेचा सुद्धा मान राखतात लोक.

माझी भिस्त सरांवर होती. निवृत्त मराठीचे मास्तर, माफलर, काठी, मोजकं बोलणं. ते चष्मा पुसत पुढे आले. म्हटलं, आता माईंची कानउघाडणी होणार.

"'लागतेस' नव्हे, 'दिसतेस'," सर म्हणाले. "त्या 'लगती है'नं इंदूरच्या मराठीची पार वाट लावली."

"बरं, दिसतेस," माई म्हणाल्या.

"आणि 'सारखी' कुठाय? 'वहिनी बदकासारख्या डोलत चालतात', ही झाली उपमा. वहिनी उपमेय, बदक उपमान, डोलणं हा साधारण धर्म." काठीनं आधी मला दाखवलं, मग बदकाला, मग हवेत थोडं डोलून दाखवलं. "'वहिनी चालतात, जणू बदकच!' म्हटलं की उत्प्रेक्षा. आणि 'या वहिनी नव्हेत, हे बदकच' म्हटलं तर?"

"अपन्हुती!" मागून आमचे हे ओरडले.

बत्तीस वर्षांत यांना माझा वाढदिवस एकदाही आपणहून आठवलेला नाही.

"शाबास!" सर म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवली. गुडघ्याला काय झालंय, हे विचारावं असं अकरांपैकी एकालाही वाटलं नाही.

दुर्बीणवाला मुलगा तेवढा बिचारा बदकांबद्दल सांगत होता. एका बदकाच्या नराच्या चोचीवर हा एवढा उंचवटा, आणि त्याचं नाव नकटा! दुसऱ्याच्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके, म्हणून ते हळदी-कुंकू. म्हणजे बदकाला सवाष्ण करताना लोकांची नजर इतकी बारीक, आणि मला बदक करताना नुसती मागून.

बरं, बदक तसं का चालतं? पाय शरीराच्या मागच्या बाजूला असतात, पोहायला सोयीचे. जमिनीवर मात्र प्रत्येक पावलाला सगळा भार या अंगावरून त्या अंगावर टाकावा लागतो. मी डावा गुडघा वाचवायला तेच करते. बदकाला कारण आहे, मलाही आहे. कवींचं काय? हत्तीसारखी चाललीस तर गजगामिनी, हंसासारखी चाललीस तर हंसगामिनी. अहो, हंस बदकाच्याच कुळातला! पाण्यातून बाहेर काढा आणि बघा कसा फेंगडत चालतो ते. पण त्याची मान लांब आणि रंग पांढरा, म्हणून कौतुक. लग्नाच्या बाजारात हेच चालतं, पाणवठ्यावर वेगळं कशाला असेल?

परतताना पोहे खाल्ले. पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत माई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस." बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीनं पिसांना फासत बसतं, मग पाणी अंगाला लागत नाही. मला तशी सोय नाही. मी जिलेबी घेतली नाही. तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर सरांचा मेसेज. "सकाळी चूक झाली. क्षमस्व." मी म्हटलं, चला, उशिरा का होईना.

खाली पुढचं होतं: "माईंच्या मूळ वाक्यात 'सारखी' नव्हतं, डोलणंही नव्हतं. तेव्हा ती लुप्तोपमा. ते सांगायचं राहून गेलं."

त्यावर पहिला अंगठा यांचा.