बेटवासीयांना विश्वासात कसं घ्यावं (शेवटची लाँच न चुकवता)

छोट्याशा बेटाच्या पाण्याचा आराखडा करायला निघालात? वा! नुकताच अशाच एका 'लोकसहभाग बैठकी'त चार तास बसून आलोय, तेव्हा ताजे ताजे चार सल्ले घ्याच.

बैठक ठेवा ऐन मासळी लागायच्या दिवसांत, सकाळी. होड्या बाहेर गेल्या की बेटावर कसं शांत असतं. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर अहवालात लिहा, 'स्थानिकांमध्ये उदासीनता आढळली.'

आराखडा आधी छापा, मतं नंतर विचारा.

रंगीत चिठ्ठ्या विसरू नका. फोटोत छान येतात.

आणि कुणी विहिरीबद्दल बोलायला लागलं, तर 'नोंद घेतली' म्हणा. त्या दिवशी एक आजी उठल्या. म्हणाल्या, "मधल्या विहिरीला मोटार लावू नका, मचूळ होते. मागे झालीय एकदा." साहेब हसले, नोंद घेतली, पुढची स्लाइड लावली. तिच्यावर काय? मधल्या विहिरीला मोटार! अहो, अशा बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर भिंगासारखं तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर 1 मीटर असेल, तर खाली साधारण 40 मीटर. म्हणजे वरची पातळी वीतभर उतरली की खालचं खारं पाणी 40 विती वर सरकू पाहतं. गायबेन आणि हर्झबर्ग या दोघा अभ्यासकांचं हे सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. आजींनी ती नावं ऐकली नसतील, पण त्यांना जीभ होती ना! साहेबांच्या तक्त्यात उपसा लिटरमध्ये होता, क्षारांचा रकानाच नव्हता. भिंग एकदा बिघडलं की पावसाने सावरायला वर्षं जातात. तोवर काय प्यायचं, तुमचा अहवाल?

जाऊ दे, सल्ले पुरे.

स्कॉटलंडच्या एग बेटावरच्या मूठभर रहिवाशांनी 1997 मध्ये ट्रस्ट करून बेट विकत घेतलं. 2008 पासून वारा, ओढे आणि ऊन यांच्यावर स्वतःची वीज चालवतात. घरटी एका वेळी 5 किलोवॅटच्या वर नाही, हे बंधन त्यांनीच मान्य केलंय. फिलिपिन्सच्या आपो बेटावर 1982 मध्ये प्रवाळाचा एक पट्टा कोळ्यांनीच राखायला घेतला. त्याआधी अँजेल अल्कालांसारखा शास्त्रज्ञ त्यांच्यात वर्षानुवर्षं जाऊन बसत होता. चारची लाँच पकडायची घाई नव्हती त्याला.

साहेब, तुम्हाला होती. मोटारीचं डिझेल कोण आणणार, वॉशर गेला तर कोण बदलणार, हे तुमच्या एकाही पानावर नाही. विचारलं तर म्हणालात, 'पुढच्या टप्प्यात.' पाणी खारट झालं तर प्यायला तुम्ही येणार नाही, त्या आजीच पिणार. आणि हजेरीपटावरची त्यांची सही परिशिष्टात 'ग्रामस्थांची संमती' म्हणून डकवलीत? ती आधी काढा.